शेवटच्या गाडीतलं दांडकं

मास्तरांनी लाल झेंडा टेम्पोच्या तोंडासमोर आडवा धरला आणि त्याच्या पुढच्या करड्या गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केलं. काच अर्धी खाली आली. आतला माणूस फोनवर बोलत होता. मास्तरांनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दांडकं आत सरकवलं आणि रोजचं वाक्य म्हटलं, की तुमची गाडी शेवटची, पलीकडे बाई उभ्या आहेत, हे त्यांच्या हातात द्या. माणसाने फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली, दांडकं मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी काढली. मागच्या सीटवर टाकलं हे मास्तरांनी पाहिलं होतं. काही तरी म्हणावं असं त्यांना वाटलंही. पण हल्ली म्हणायचं ते तोंडापर्यंत येईस्तोवर गाडी पुढे गेलेली असायची.

शहरात शिरायला आणखीही वाटा होत्या, पण नोकरदारांचा रस्ता हाच. सकाळी सगळे आत, संध्याकाळी सगळे बाहेर. रुंदीकरणासाठी त्याची एक बाजू उकरून ठेवली होती आणि उरलेल्या अरुंद पट्टीवरून आळीपाळीने, एकदा इकडच्या तर एकदा तिकडच्या, अशा गाड्या सोडाव्या लागत. मधे मोठं वळण असल्यामुळे एका टोकावरून दुसरं दिसत नसे. अलीकडच्या टोकाला मास्तर उभे असत आणि शहराकडच्या टोकाला त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत. रांगेत अडकलेली माणसं गाडीतच दाढी करत, केस विंचरत, पोरांचे पाढे घेत, साहेबाला फोनवर खोटं सांगत. सुरुवातीला ती मास्तरांना शिव्या देत असत. मग सवय झाली तसा नमस्कार करू लागली. मास्तरांच्या लेखी दोन्ही सारखंच होतं.

काम सुरू झालं तेव्हा मुकादमाने दोघांना वॉकीटॉकी दिले होते. सोडू का, असं इकडून विचारायचं आणि सोडा, असं तिकडून सांगायचं, इतकं सोपं काम. मास्तर विचारत. तिकडून नुसती खरखर येई. बाई बटण दाबत, पण बोलत नसत. एकदा खरखर म्हणजे हो आणि दोनदा म्हणजे थांबा, असा अर्थ मास्तरांनी आपल्या मनाने लावला होता आणि तो एका सकाळी चुकला. वळणावर दुधाचा टँकर आणि शाळेची बस समोरासमोर आली. मागे हटायला जागा नाही, पुढे जायला नाही. दुपारपर्यंत सगळा रस्ता कुलूप घातल्यासारखा बंद. हे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, हे मुकादमाला तेव्हा कळलं.

"तुमची अळीमिळी गुपचिळी घरात ठेवा," तो म्हणाला. "माझ्या रस्त्यावर नको."

त्याने वॉकीटॉकी काढून घेतले, पाइपचा हातभर तुकडा कापला, त्याला रंगाचे पट्टे मारले आणि नियम करून टाकला. दांडकं ज्याच्या हातात असेल त्यानेच गाड्या सोडायच्या. सोडून झाल्या की शेवटच्या गाडीवाल्याकडे दांडकं द्यायचं. तो ते पलीकडे पोचवेल, मग पलीकडच्याने आपल्या सोडायच्या. दांडकं हातात नसेल तर साक्षात मंत्री रांगेत असला तरी त्याने तिथेच बसायचं.

तेव्हापासून दोघांमधलं देणंघेणं दिवसभर अनोळखी माणसांच्या हातून चालू होतं. पावाची व्हॅन चालवणारा एकजण तर मुद्दाम मागे रेंगाळून शेवटचा नंबर लावायचा. दांडकं नेण्याची त्याला भारी हौस. काही निरोप आहे का, असं तो मास्तरांना रोज विचारायचा, आणि मास्तर रोज मान हलवून नाही म्हणायचे.

मास्तर हे नाव शिंप्याच्या दुकानातलं होतं. दुकान ह्याच रस्त्यावर, वळणाच्या आत, आणि खरं म्हणजे ते बाईंच्या वडिलांचं. मास्तर तिथे काम शिकायला आले आणि जावई होऊन राहिले. सासरे गेल्यावर कापड बेतायचं आणि कापायचं काम बाईंनी घेतलं, मशीन मास्तरांनी. एखादं गिऱ्हाईक घट्ट झालेली पँट घेऊन तावातावाने आलं तर बोलायच्या बाई, मास्तर मान खाली घालून पायडल मारत राहायचे. तक्रार खरी असो की खोटी, मास्तरांना विचाराल तर उत्तर एकच, हो. असा होयबा माणूस दुकानात एकटा असताना रस्त्याची माणसं आली. बाई तेव्हा बहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी गेल्या होत्या. ओळीतले सगळे दुकानदार जागा सोडायला हो म्हणाले, मास्तरही हो म्हणाले. बायकोला फोन करावा असं त्यांच्या मनात आलं होतं. पण ती बहिणीच्या उशाशी बसलेली, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, आल्यावर सांगू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

बाई परत आल्या त्या ह्याच रस्त्यावर बसमधून उतरल्या आणि दुकान शोधत उभ्या राहिल्या. तिथे सपाट जमीन होती आणि तिच्यावर डांबराची पिंपं. मास्तर धावत आले. त्यांनी सगळं सांगितलं, मशिनी कुणी नेल्या, कपाट कुणी नेलं, आरसा उतरवताना कसा फुटला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"विचारायचं तरी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. भाड्याच्या खोलीत स्वयंपाक होत होता, कपडे धुतले जात होते, दोन अंथरुणं पडत होती आणि उचलली जात होती. जागा गेलेल्यांना रस्त्यावर काम मिळेल असं मुकादमाने सांगितलं तेव्हा दोघंही त्याला जाऊन हो म्हणाले, वेगवेगळे. ज्या रस्त्याने दुकान गिळलं त्याचीच राखण करायची, असं लोक मागून बोलत. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. थंडीत बोटं बधिर झाली की सुई टोचलेली कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

काल मुकादमाने आणखी एक बातमी दिली होती. इथलं काम परवा संपणार, दोन्ही बाजू खुल्या होणार आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा झेंडेवाले लागणार. त्याला हीच जोडी हवी होती, म्हणून त्याने आधी बाईंना विचारलं. तर त्या नको म्हणाल्या. इथलं संपलं की बहिणीकडे जाते म्हणाल्या, कायमची.

"तुम्हाला माहीत असेलच म्हणा," मुकादम म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले.

माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी पाहिलं तर बाईंची कापडी पिशवी, परगावी जाताना नेलेली, धुऊन दोरीवर वाळत घातली होती. ते हातपाय धुऊन जेवायला बसले. आतून काही तरी व्हायला हवं होतं. रडू यावं, राग यावा, निदान घास अडकावा. घास नीट उतरला. त्यांनी ताट धुतलं आणि पालथं घातलं.

आता करडी गाडी वळणाआड जाऊन बराच वेळ झाला होता. पलीकडून गाड्या यायला हव्या होत्या, त्या येईनात. मागची रांग वाढत पार पेट्रोल पंपाच्या पुढे गेली. आधी एक हॉर्न वाजला, मग त्याला धीर येऊन बाकीचे वाजले. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं की पलीकडे सगळे झोपले की काय. मास्तरांनी मुकादमाला फोन लावला. तो डांबराच्या प्लँटवर होता आणि तिथे कुणाच्या बापाला काही ऐकू येत नाही. मग त्यांनी बायकोला लावला. नंबर पाठ होता, पण लावून महिने झाले होते. बाईंनी उचलला नाही. उचलणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी रिंग संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

दुसऱ्या कुठल्याही जोडीने एका फोनमध्ये हे निस्तरलं असतं. इथे घोडं अडलं ते अडलंच. दांडकं मास्तरांकडे नाही, बहुधा बाईंकडेही नाही, आणि नियमाप्रमाणे दोघांनीही हलायचं नाही. मास्तरांनी दोन रिकामी पिंपं गडगडत आणून रस्त्यावर आडवी लावली आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, मी येईपर्यंत सायकलसुद्धा पुढे जाऊ देऊ नका.

"आणि तुम्ही कुठे निघालात?"

"बायकोला विचारून येतो," मास्तर म्हणाले.

टेम्पोवाला हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मास्तर मोकळ्या पट्टीवरून चालू लागले. झेंडा सवयीने हातातच राहिला होता. दोन्हीकडे गाड्या तुंबलेल्या आणि मधे हा एवढा रिकामा रस्ता, माणूस ना काणूस. एका अंगाला चर होता, त्यात सिमेंटचे मोठे पाइप निजवलेले. पोकलेनचा ड्रायव्हर सावलीत बसून चहा पीत होता. त्याने हात केला. दुकान पाडल्यापासून मास्तर इथून पायी आलेच नव्हते. कामावर यायचं ते टोकाला आणि जायचं ते टोकावरून. वळण घेतल्यावर त्यांना समोरून कुणीतरी येताना दिसलं. नारिंगी जॅकेट घातलेली एक बाई. बेतलेलं जॅकेट, खांद्यात आणि कुशीत नीट आत घेतलेलं. मास्तरांचं स्वतःचं जॅकेट खांद्यावरून कोपरापर्यंत लोंबत होतं.

दोघं समोरासमोर थांबले.

"दांडकं?" बाई म्हणाल्या.

हा आवाज ते रोज ऐकत, घरमालकिणीशी बोलताना, फोनवर बहिणीशी बोलताना. आपल्याकडे वळलेला ऐकून ते क्षणभर गोंधळले.

"दिलं होतं. करड्या गाडीवाल्याला. तो फोनवर बोलत होता."

"एक करडी गेली. काच बंद होती."

"त्याने मागच्या सीटवर टाकलं. मी बघितलं."

"बघितलं, आणि काही बोलला नाहीत."

"नाही."

बाईंनी मान वळवली. रस्त्याच्या पलीकडे एका इमारतीला बाहेरून गोल लोखंडी जिना होता. वर्षानुवर्षं दुकानाच्या दारातून समोर दिसायचा तो हाच जिना. मास्तरांनी तो पाहिला, मग पायाखाली पाहिलं. ते दोघं दुकानाच्या आत उभे होते. खाली नवं डांबर होतं, सपाट, अजून नीट काळं.

"इथे टेबल होतं," बाई म्हणाल्या. तक्रार केल्यासारखं नाही, पत्ता सांगितल्यासारखं.

"हो."

दोन्हीकडून हॉर्न वाजत होते. इथवर येईपर्यंत त्यांची धार बोथट होत होती. बाईंनी विचारलं, आता काय करायचं. मास्तर म्हणाले, मुकादम येईपर्यंत दांडक्याऐवजी दुसरं काही तरी पाठवावं लागेल. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चराच्या कडेला काठ्या होत्या, पाइपचे तुकडे होते.

"असलं नको," बाई म्हणाल्या. "असलं कुणीही उचलून आणून देईल. बघितल्यावर आपल्याला ओळखता आलं पाहिजे."

 मास्तरांनी झेंड्याचं कापड मुठीत धरलं आणि ओढलं. नेफ्याची शिवण टरटर उसवली आणि कापड हातात आलं. खाली काठी म्हणून जी होती ती त्यांनी पुढे केली. लाकडाचा गज होता तो, कापड मोजायचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. एक टोपी चेपलेली होती, कारण बाईंचे वडील गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की गज टेबलावर आपटत. मधोमध एक खाच होती. ती बाईंनी लहानपणी ब्लेडने पाडली होती आणि तिच्यापायी मारही खाल्ला होता.

बाईंनी गजाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"बाकी सगळं दिलं," मास्तर म्हणाले. "हा नाही दिला."

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"पहिल्यापासून."

"आणि झेंड्याला लावलात."

"बांबू मोडला होता." हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं, आणि ह्या वेळी मास्तर तिथे थांबले नाहीत. "तुलाच द्यायचा होता. पण दिला असता तर सांगावं लागलं असतं, की एवढाच राहिला."

त्यांनी गज आणखी पुढे केला.  बाईंनी तो धरला. अंगठा आपसूक खाचेवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने मास्तरांच्या मुठीतलं लाल कापड ओढून घेतलं आणि उसवलेला नेफा डोळ्यांजवळ नेला.

"टाका किती लांब घातलाय."

"हाताने शिवला."

"ते दिसतंय."

कापड त्यांनी परत केलं. तुमच्या गाड्या मघाशी आल्या, म्हणजे आता पाळी माझी, एवढं सांगून त्या गज घेऊन वळल्या आणि आल्या तशा चालत गेल्या. मास्तर त्यांच्या पाठीकडे पाहत उभे राहिले. पोकलेनवाल्याने चहाचा कप वर करून विचारलं, घेणार का. त्यांना ते ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने पलीकडच्या गाड्या आल्या आणि शेवटच्या गाडीतल्या तरुण मुलीने गज खिडकीतून तिरका काढून मास्तरांच्या हातात दिला. रस्ता मोजताय का, असं तिने विचारलं. मास्तर हो म्हणाले. त्या दिवशी गज किती जणांच्या मांडीवरून गेला आणि आला कोण जाणे. दर वेळी शेवटच्या गाडीवाल्याला ते बजावून सांगत की मागे टाकू नका, मांडीवर धरा, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहत. गज जाऊन परत येईपर्यंत त्यांना भीती वाटे. भीती वाटते आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. दुपारी त्यांना कळलं की पाय दुखताहेत. ते बहुधा रोजच दुखत असावेत.

मुकादम मोटरसायकलवरून आला तो आरडाओरडा करतच. फोन नावाची एक वस्तू असते, असं त्याने मास्तरांना नीट समजावून सांगितलं. मग मास्तरांच्या हातातलं नुसतं कापड पाहून त्याने कपाळावर हात मारला. नवे झेंडे मिळणार नाहीत, पुढच्या टप्प्याला हाच न्यायचा आहे, तेव्हा स्वतः शिंपी असून फाटका झेंडा हलवायची लाज वाटत नसेल तरी शिवून घ्या, असं म्हणून तो बाईंना हेच ऐकवायला तिकडे निघून गेला.

संध्याकाळी रांग उलटी फिरली. शहर बाहेर पडू लागलं, दमलेलं, काचा खाली केलेलं. पलीकडून आलेल्या गाड्या एकामागून एक गेल्या आणि सगळ्यात शेवटी पाववाल्याची रिकामी व्हॅन आली. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात लाल-पांढरं दांडकं होतं.

मास्तर ते घेईनात. पाववाल्याने त्यांना सगळी हकीकत सांगितली. करड्या गाडीवाला घरी परतताना बाईंपाशी थांबला होता. ऑफिसात पोचल्यावर त्याला मागच्या सीटवर हे दिसलं, बिचारा दहा वेळा माफी मागत होता. आता खरं दांडकं आलंय म्हटल्यावर बाईंनी हेच पाठवलं.

"आणि गज?"

"ती पट्टी होय? ती त्यांनी ठेवून घेतली. कापडी पिशवीत घातलीय, वरून निम्मी बाहेर दिसतेय."

मास्तरांनी दांडकं घेतलं. बरोबरच आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. तिच्या वडिलांचा, तिचाच. काम संपलं की त्याच पिशवीतून घेऊन जाईल. तोंडात घास नव्हता तरी घशात काही तरी अडकलं आणि ते खाली जाईना. त्यांनी हातातलं लाल कापड उगाच घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

पाववाल्याने गिअर टाकला आणि पुन्हा ब्रेक दाबला.

"अरे हो, निरोप आहे," तो म्हणाला. एवढ्या दिवसांनी एक निरोप मिळाला आणि तोच विसरत होतो, म्हणून तो स्वतःवरच चिडला होता. "घरी येताना लाल दोरा आणा म्हणाल्या. सुई आहे म्हणाल्या."

व्हॅन गेली. मागे रांगेतल्या पहिल्या गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीने. दांडकं मास्तरांच्या हातात होतं, म्हणजे पाळी त्यांची होती. त्यांनी पिंप बाजूला सारलं आणि लाल कापड खाली करून गाड्या सोडल्या. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांची छोटी गाडी आली. मास्तरांनी काचेवर टकटक केलं आणि ती पुरती खाली येईपर्यंत थांबले.

"तुमची गाडी शेवटची," त्यांनी सांगितलं. "पलीकडे बाई उभ्या आहेत, हे त्यांना द्या. मागे टाकू नका. आणि त्यांना विचारा, दोरा कुठला लाल आणू. गडद की फिकट."

गृहस्थांनी मास्तरांच्या मुठीतल्या लाल कापडाकडे पाहिलं.

"अहो, नमुना तर तुमच्या हातातच आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "तरी विचारा."